थेटरमामांचं कच्चं-पक्कं

थेटरमामांनी माझ्याकडे नऊ वर्षं काम केलं आणि त्या नऊ वर्षांत त्यांनी मला माझ्याच दवाखान्यात एकदाही हवं तिथून चालू दिलं नाही. दवाखाना तरी केवढा? अमरावतीत शेगाव नाक्यापासून थोडं आत, दहा बाय बावीसचा एक गाळा. खाली झेरॉक्सवाला, वर मी. एवढ्याशा जागेत एक माणूस दुसऱ्याला अडवून अडवून किती अडवणार, असं कुणालाही वाटेल. ज्यांना वाटेल त्यांनी मामांना पाहिलेलं नाही.

मामा सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले. तिथे ऑपरेशन थिएटरमध्ये कात्र्या, चिमटे, सुऱ्या, कापसाचे डबे निर्जंतुक करून द्यायचं काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. वॉर्डबॉयला आपल्याकडे मामाच म्हणतात, त्यात यांच्या तोंडी दर दोन वाक्यांनंतर "आमच्या थेटरात" यायचं, म्हणून ते थेटरमामा. बुटके, काळेसावळे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. माझे वडील त्यांना ओळखत होते. मी दवाखाना काढला तेव्हा वडील म्हणाले, माणूस चोख आहे, फक्त जरा सांभाळून घे. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घ्यायचंय. माझ्या सहनशक्तीबद्दल ते बोलत होते, हे पुढे कळलं.

दवाखान्याची सजावट माझ्या पुण्याच्या मैत्रिणीने केली होती. दारातून आत आलं की माशांची काचेची पेटी, मग गुबगुबीत सोफा, पुढे दातांची खुर्ची, तिच्या डोक्याशी काचेचं कपाट आणि त्यात चकाकणारी सगळी हत्यारं, येणाऱ्याचे डोळे दिपावेत अशी मांडलेली. खुर्चीच्या मागेच बेसिन. मामा पहिल्या दिवशी आले, "जय भीम मॅडम" म्हणाले, चपला बाहेर काढल्या आणि हात मागे बांधून पंधरा मिनिटं नुसते उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, दुकान तं चांगलं हाय. दवाखाना कुठी हाय?"

महिन्याभरात माशांची पेटी झेरॉक्सवाल्याकडे गेली. काचेचं कपाट उतरलं. बेसिन खुर्चीमागून उखडून गाळ्याच्या पार डाव्या कोपऱ्यात गेलं, आणि त्यासाठी प्लंबर दोनदा बोलवावा लागला. मामांचा हिशेब साधा होता. पेशंटच्या तोंडातून निघालेलं हत्यार म्हणजे खरकटं. ते धुतलं की कच्चं. आणि कागदी पाकिटात बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आमच्या त्या उभ्या मोठ्या कुकरमध्ये, पंधरा पौंड दाबावर वीस मिनिटं ठेवलं की पक्कं. खरकटं डाव्या कोपऱ्यात जाणार, तिथून धुण्याच्या टेबलावर, तिथून कुकरमध्ये, तिथून उजवीकडच्या बंद कपाटात आणि कपाटातून माझ्या हातात. "गाडी एकाच दिशेनं चालते," ते सांगायचे, "खरकटं मांगं येत नसते."

इथवर ठीक होतं. कॉलेजात मलाही हेच शिकवलेलं, फक्त इंग्रजीत. पण मी मावसबहिणीच्या लग्नाला दोन दिवस अकोल्याला गेले आणि परत येऊन बघते तर माझ्या नागपूरहून आणलेल्या फरशीवर चार बोटं रुंद लाल ऑइलपेंटची रेघ. भिंतीपासून भिंतीपर्यंत. एका बाजूला खरकटं-कच्चं, दुसऱ्या बाजूला पक्कं. त्या फरशीचा रंग निवडायला मी एक आख्खी दुपार घालवली होती. मी बोलायच्या आत मामांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि म्हणाले, वाळून राहिली, चार वाजेपर्यंत पाय नका ठेवू.

त्या रेघेने माझा जीव नकोसा केला. हातात मोजे आहेत, पेशंटच्या दातात ड्रिल चालू आहे आणि हवा असलेला चिमटा हाताच्या अंतरावर, पण रेघेपलीकडच्या खणात. मी हात पुढे केला की मामांचा घसा खाकरायचा. नुसता खाकरायचा, बोलायचे नाहीत. मग मी मोजे काढायचे, हात धुवायचे, वळसा घालून जायचं, नाहीतर मामांनी स्वतः येऊन चिमटीने चिमटा द्यायची वाट बघायची. पेशंट तोंड उघडून हे सगळं बघत असायचा. एकाने तर मला विचारलं की डॉक्टर नक्की कोण आहे.

उन्हाळ्यात याहून मोठा छळ. अमरावतीचा मे महिना, वर तापलेली स्लॅब, आणि मामांनी कूलर उचलून बाहेर सोफ्यापाशी नेऊन ठेवला. कूलरचं पाणी घाणेरडं, ते हवेत उडतं, पेशंटच्या उघड्या तोंडात जातं. पंखाही खुर्चीवरचा बंद, कारण त्याच्या पात्यावरची धूळ ट्रेमध्ये पडते. बाहेर बसलेली मंडळी वाळ्याच्या थंड वाऱ्यात डुलक्या काढायची आणि मी आत ॲप्रन, मास्क, मोजे घालून घामाने निथळत दाढा काढायची. पुढे एसी लावला तेव्हा मला वाटलं, सुटले. तर दर शनिवारी त्याची जाळी काढून धुवायचं काम मामांनी माझ्या नावावर टाकलं. स्टुलावर चढल्यावर त्यांना चक्कर यायची म्हणे.

पाण्याबाबत तर बोलायलाच नको. मामांचं गाव अकोल्याकडचं, खारपाणपट्ट्यातलं. लहानपणापासून खारं पाणी प्यालेला माणूस, त्यामुळे त्यांच्या जिभेला पाण्याची जात कळायची. कुकरमध्ये डिस्टिल्ड पाणीच घालायचं, नाहीतर आत क्षार बसून हत्यारांवर डाग पडतात. नवा कॅन आला की मामा झाकणात दोन थेंब घेऊन जिभेवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. कॅन आणणारा माणूस, मी, पेशंट, सगळे निकालाची वाट बघत उभे. एकदा त्यांनी तीन कॅन परत पाठवले. आणणारा माझ्यावर चिडला, मी मामांवर चिडले, आणि मामा म्हणाले, साध्या फिल्टरचं पाणी आहे, विचारा त्याला. त्याने खाली बघितलं. म्हणजे याही वेळी मामाच बरोबर निघाले, आणि या माणसाची सगळ्यात त्रासदायक सवय हीच होती.

सकाळी नऊला ते यायचे. आधी ड्रिलच्या नळीतून दोन मिनिटं पाणी सोडायचं, कारण रात्रभर नळीत साचलेलं पाणी शिळं. मग खुर्ची पुसायची, वरून खाली, डोक्याकडून पायाकडे, उलट फडकं फिरवलेलं चालायचं नाही. मग थुंकायचं भांडं, सक्शनची जाळी, दिव्याची मूठ. संध्याकाळी ड्रिलला तेलाचा एकेक थेंब, कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या, लाल पिशव्या, सुयांचा डबा, आणि शेवटी ड्रिलला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ उघडून आत जमलेलं पाणी काढायचं. तो नळ उघडला की फुस्स असा आवाज होई, तो ऐकला की मला कळायचं, आता घरी जायला परवानगी आहे. मी घाई केली की ते म्हणायचे, "घाई पेशंटले असते मॅडम, जंतूले नसते."

पेशंटशी ते याच भाषेत बोलायचे. कुणी विचारलं, अजून किती वेळ, तर उत्तर यायचं, बसा दहा मिनिटं, सामान शिजून राहिलं. दंतवैद्याच्या दवाखान्यात काय शिजतंय, या विचाराने दोघंतिघं तरी पायऱ्या उतरून गेले असतील. मी मामांना सांगून दमले की निर्जंतुक म्हणा, स्टराइल म्हणा. ते म्हणाले, कोनाले समजते थे?

आणि त्यांची वही. जाड पुठ्ठ्याची, रेघा मारलेली. आमच्याकडे हत्यारांचे चार संच होते, त्यांना एक ते चार नंबर. कोणता संच कधी कुकरमध्ये गेला, किती वाजता निघाला, पाकिटावरच्या पट्टीचा रंग काय होता आणि तो कोणत्या पेशंटला वापरला, हे सगळं मामा वहीत लिहायचे. पाकिटाला एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावरच्या फिक्या रेघा नीट शिजल्यावर काळ्या होतात. अर्धवट राहिलं तर बदामी. पट्टी काळी झाली की मामा निळ्या पेनाने नोंद करायचे. लाल पेन मी पाच वर्षं त्यांच्या खिशात नुसतं बघत होते.

ते निघालं पाचव्या वर्षी, मे महिन्यातल्या एका रविवारी. लग्नसराईचे दिवस, सकाळपासून गर्दी, तीन संच वापरून खरकट्यात पडलेले, चौथा कुणाच्या तरी तोंडात. अशात वलगावची प्रणाली आली, बापाच्या स्कूटरवर मागे बसून, ओढणी तोंडाला लावून. दुसऱ्या दिवशी हळद, परवा लग्न. पत्रिका वाटताना स्कूटीवरून पडली होती आणि समोरचा दात अर्धा तुटून आतली नस उघडी पडली होती. वारा लागला तरी पोरगी तळमळत होती. तिचा बाप फुलांची शेती करणारा, त्याला बाजारात झेंडू पोचवायचा होता, घरी मांडव घालायचा होता, आणि तो दर पाच मिनिटांनी दारातून आत डोकावत होता.

मामांनी तीन नंबरचा संच धुऊन कुकरमध्ये ठेवला. दाब चढला, काटा पंधरावर आला, काही मिनिटं तिथे टिकला, आणि वीज गेली. बारा-तेरा मिनिटांनी परत आली, पण तोवर काटा खाली उतरला होता. मामांनी सांगितलं, पुन्हा सुरुवातीपासून लावावं लागेल. म्हणजे पाणी तापण्यापासून पुन्हा सगळं, वाळवण्यासकट पाऊण तास. मी विचारलं, दाबावर किती मिनिटं झाली होती? म्हणाले, अकरा. मी म्हटलं, अकरा झाली, वर तो गरम कुकर बंद होता, पुरे झालं, काढा. मामांनी झाकण उघडून पाकीट माझ्यापुढे धरलं. पट्टी बदामी होती.

"कच्चं हाय, मॅडम."

मी म्हटलं, पोरीच्या डोळ्यांत पाणी आहे, परवा तिचं लग्न आहे, मला शिकवू नका. ते म्हणाले, पाऊण तासानं लग्न मोडत नाही. बाहेरचे सगळे ऐकत होते. मला एकदम गेली पाच वर्षं आठवली, ती रेघ, तो कूलर, ते खाकरणं, आणि मी मोठ्याने म्हटलं की इथे डॉक्टर मी आहे. मामांनी स्टूल रेघेवर ओढून पाकीट त्याच्यावर ठेवलं. बरोब्बर रेघेवर, ना इकडे ना तिकडे. "तुमी घ्या," ते म्हणाले, "माह्या हातानं मी देनार नाई."

मी घेतलं. नसेचं काम केलं, वर तात्पुरता दात बसवला. प्रणालीने आरशात बघितलं आणि रडतारडता हसली. बापाने हात जोडले, झेंडूची एक जुडी टेबलावर ठेवली आणि दोघं गेले. काम उत्तम झालं होतं. मी दिवसभर मामांशी बोलले नाही.

संध्याकाळी वहीत पाहिलं तर लाल पेनाने लिहिलेलं. संच तीन, पट्टी बदामी, कच्चा, डॉक्टरांनी घेतला, आणि पुढे प्रणालीचं नाव. मी म्हटलं, हे खोडा. ते म्हणाले, "खोडतो ना. पन मंग मांगच्या पानाइवर भरोसा कसा ठेवसान? तिथं बी म्या काई खोडलं नसन, हे कायवरून?"  कोंडीत सापडले की मी फार वाईट बोलते. मी त्यांना म्हटलं, मामा, तुम्ही भांडी धुता, भांडीच धुवा. ज्यांच्या पोटी मी जन्मले त्यांच्या वयाच्या माणसाला मी हे म्हटलं, आणि आजही ते लिहिताना मला लाज वाटते आहे.  मामांनी कॉम्प्रेसरचं पाणी काढलं, ॲप्रन खुंटीला लावला आणि निघताना दारातून एवढंच म्हणाले, पोरीले सांगून टाका.

दुसऱ्या दिवशी मी आठलाच दवाखाना उघडला. मामा येतील याची खात्री नव्हती, पण खरं कारण वही होतं. प्रणालीच्या आधी तीन नंबरचा संच कोणाला वापरला होता, हे मला बघायचं होतं. पूर्ण न शिजलेल्या हत्याराने एकाचं रक्तातलं दुखणं दुसऱ्याला जाऊ शकतं, कावीळ, किंवा त्याहून वाईट. शक्यता कमी असते, पण कमी म्हणजे नाही असं नव्हे. वहीत सगळं स्वच्छ होतं. त्याच रविवारी सकाळी, बडनेऱ्याचे एक निवृत्त पोस्टमास्तर, खालची दाढ. ही वही नसती तर मला कुणाला विचारायचं तेसुद्धा कळलं नसतं. जी नोंद खोडायला सांगितली, तिच्याच वरच्या ओळीवर माझं बोट होतं.

बरोबर नऊला मामा आले. माझ्या हातातली वही त्यांनी पाहिली, "जय भीम मॅडम" म्हणाले आणि नळीतून पाणी सोडायला गेले. काल काही झालंच नाही असं. मी माफी मागितली. ते म्हणाले, पोस्टमास्तरचा नंबर कार्डावर आहे, आत्ताच लावा, नंतर ते देवळात जातात.

पोस्टमास्तरांना मी आधी खोटंच सांगायला गेले. म्हटलं, सगळ्यांच्याच रक्ताची नेहमीची तपासणी करतोय. मामांचा घसा खाकरला. मग मी खरं सांगितलं, की तुमचा काही दोष नाही, माझ्याकडून चूक झाली आणि एका मुलीसाठी मला तुमचा रिपोर्ट हवा आहे.  ते म्हणाले, माझी मुलगीही नांदायला गेली आहे, आत्ता जातो. संध्याकाळी रिपोर्ट आला. सगळं निर्दोष. मी खुर्चीवर, पेशंटच्या खुर्चीवर, जाऊन बसले. तेव्हा मला कळलं की मी आदल्या दिवसापासून किती घाबरलेली होते.

आणि मग मी ठरवलं की आता सांगायची गरज नाही. रिपोर्ट चांगला आला, पोरगी आज हळदीची, उद्या लग्नाची, तिच्या डोक्यात हे भूत कशाला घालायचं? मामांनी ऐकून घेतलं. म्हणाले, आज नका सांगू, हळदीत नका सांगू, पण आठ दिवसांनी ती दुसऱ्या खेपेला येणार आहे. मी म्हटलं, पण आता सांगून मिळणार काय? धोका तर गेला.

"गेला असन," मामा म्हणाले. "पन मॅडम, शरीर तिचं हाय. तिले मालूम नाई अन् तुमाले मालूम हाय, हे बरोबर नाई."

ते आठ दिवस मी मामांवर जितकी वैतागले तितकी नऊ वर्षांत कधी वैतागले नसेन. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. काढला असता तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. ते नुसते खुर्ची पुसत होते, वरून खाली.

प्रणाली आली, हातावर मेंदी, गळ्यात नवं मंगळसूत्र. या वेळी नवऱ्यासोबत. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि मास्क काढून सांगितलं. वीज गेली, घाई केली, मामांनी नको म्हटलं होतं, मी ऐकलं नाही, आधीच्या माणसाचा रिपोर्ट चांगला आहे, तरी तीन महिन्यांनी त्याची आणि तुझीही तपासणी करायची, खर्च माझा.  तिने आधी नवऱ्याकडे बघितलं.  मग मला सोडून मामांना विचारलं, "काका, मंग आज?" मामांनी पाकीट तिच्या डोळ्यांसमोर नेलं, पट्टीवर बोट ठेवलं आणि सांगितलं की ही काळी आहे, बदामी असती तर मीच उठवून पाठवलं असतं. तिने पट्टी नीट बघितली आणि तोंड उघडलं.

तिच्या तपासण्या पुढे चांगल्या आल्या. पण हे सगळं गोड झालं असं नाही. तिच्या बापाला कळल्यावर तो दवाखान्यात येऊन माझ्यावर ओरडला, आणि त्याचं काही चुकलं नाही. त्या वर्षी वलगावचे पेशंट जवळजवळ बंद झाले. मी मामांना चिडून म्हणायची, बघा, तुमच्या खरं बोलण्याचा हा निकाल. ते म्हणायचे, येतीन. फारसे आले नाहीत. प्रणाली मात्र येत राहिली, पुढे तिच्या सासूलाही घेऊन आली.

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक पेशंटला पाकीट उघडायच्या आधी पट्टी दाखवायची पद्धत पडली. पहिल्यांदा मामांनी दाखवली, मग मी. पेशंटला आधी काही कळत नाही, मग ते चष्मा काढून बघतात. गावातले माझे दोन-तीन व्यवसायबंधू यावरून हसतात, म्हणतात, सोनाराकडे हॉलमार्क दाखवतात तसं चाललंय तुझं. हसोत बापडे. गुरुकुंज मोझरीहून येणारी एक आजी तर आता स्वतःच हात पुढे करते, म्हणते, दाखव बाई काळं.

चार वर्षांपूर्वी मामांच्या मास्तर मुलाची अकोल्याला बदली झाली आणि मामा त्याच्याबरोबर गेले. निरोपाचा कार्यक्रम करू दिला नाही. शाल आणली होती ती घेतली, श्रीफळ नको म्हणाले. शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत काम केलं, वहीची पानं भरली आणि मला पुढच्या वर्षाची नवी वही दिली, रेघा मारून. त्यांच्यावाचून दवाखाना इतका शांत झाला की मी हवं तिथून चालायला लागले. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी माझी मीच वळसा घालून गेले आणि मला स्वतःचा भयंकर राग आला.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी दवाखान्याच्या पायरीवर मामा बसलेले. एसटीने आले होते, पहाटे निघून. गाल सुजलेला, वरची दाढ हलत होती, चार दिवसांपासून जेवण नव्हतं. मी नेहमीप्रमाणे सुरू झाले, की अकोल्यात दातांचे डॉक्टर संपले का, या वयात थंडीत एसटीचे धक्के खात कशाला यायचं, मुलाने फोन करायचा नाही का, मी गाडी पाठवली असती. मामांनी चपला बाहेर काढल्या. "हायेत ना," ते म्हणाले, "लय हायेत," आणि आत येऊन खुर्चीवर बसले.

नऊ वर्षं ती खुर्ची त्यांनी पुसली, पण तिच्यावर बसलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. फारच लहान दिसत होते. मला वाटलं, आता इकडेतिकडे बघतील, बेसिन बघतील, फडकं बघतील, काहीतरी काढतील. मी तयारीत होते. कपाटातून पाकीट काढलं, हात धुतले, मोजे घातले आणि सवयीने पाकीट त्यांच्या तोंडापुढे धरलं. मामांनी मान मागे टेकवून डोळे मिटून घेतले होते.

मी म्हटलं, मामा, पट्टी बघा.

डोळे न उघडता ते म्हणाले, "कायले? तुमी पाह्यली ना."

मी पाहिली होती. तरी दिव्याखाली धरून पुन्हा एकदा पाहिली, आणि मग पाकीट उघडलं.